फणसाला नऊ गुण

१

फणसाला नऊ गुण मिळाले आणि पूवय्यांची जीभ गेली, असं सोमवारपेठ गावानं एका सकाळीत ठरवून टाकलं.

हा फणस झाडावरचा नव्हे. कोडगूतला कॉफी परीक्षक संघ दर फेब्रुवारीत बागायतदारांच्या कॉफीची चवपरीक्षा घेतो. कुठली कॉफी कोणाच्या बागेतली हे परीक्षकांना कळू नये म्हणून प्रत्येकीला एका झाडाचं नाव देतात. यंदा सहा होत्या: आवळा, चिंच, जांभूळ, फणस, बोर आणि साग. यातली एक कॉफी दरवर्षी मुद्दाम खराब घालतात, धुरकटलेल्या, बुरशी आलेल्या बियांची. स्पर्धेशी तिचा संबंध नसतो. परीक्षकांच्या जिभा शाबूत आहेत की नाही, एवढंच तिच्यावरून बघायचं. यंदाची खराब कॉफी म्हणजे फणस. चार परीक्षकांनी चवीला दहापैकी एकेक गुण देऊन तिला हाकलली. पाचव्यानं नऊ दिले.

पाचवे म्हणजे पूवय्या. वय अडुसष्ट, परीक्षक म्हणून एकतीस वर्षं. खराब कपाला पाचाच्या वर गुण देणाऱ्याचं नाव यादीतून कायमचं काढायचं, हा संघाचा नियम. तो करवून घेणारे पूवय्याच.

मला हे सगळं बुधवारी रात्री फोनवर कळलं. मी वारिजा भट. तेहतीस वर्षं म्हैसूरला संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले, पण लोकांचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही. कोणाचा आकडा अडला की माझाच फोन वाजतो. गुडघ्यांचं दुखणं सांगितलं तर म्हणतात, बसूनच करायचं काम आहे मॅडम.

संघाचे सचिव करुंबय्याही तेच म्हणाले. "बसूनच करायचं आहे. संगणकात कोणी हात घातलाय का, तेवढं बघून जा. उद्या चार वाजता सभा आहे. चारला निकाल जाहीर होणार आणि पूवय्यांचं नाव कापलं जाणार."

"मग मूळ कागद काढा ना. त्यांनी हातानं लिहिलेली गुणपत्रिका असेल. संगणकातले आकडे तिच्याशी ताडून बघा. त्याला मी कशाला हवी?"

"कपाटात पाच गुणपत्रिका होत्या. आज उघडून बघितलं तर चारच आहेत," करुंबय्या म्हणाले. "पूवय्यांची गेलीय."

२

सहाच्या बसनं निघाले, दहाला पोचले. वाटेत काही खाल्लं नाही आणि कोणी विचारलंही नाही. संघाचं कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, जिना उभा.

करुंबय्यांनी कपाट दाखवलं. लोखंडी, चांगलं कुलूप असलेलं. किल्ली त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला.

"ही किल्ली इथे असते हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना."

"मग कुलूप कशासाठी लावता?"

"मॅडम, टोमणे नंतर मारा." बिचारे दोन दिवसांत वाळून गेले होते. "पूवय्या माझा शाळेपासूनचा दोस्त आहे. सोमवारी निकाल छापून आला, मी कोणाला दाखवायच्या आधी त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. त्यानं कागद पाहिला. म्हणाला, बरं. मग पाणी मागितलं. शिपाई रजेवर, मीच खाली जाऊन आणलं. पाणी प्यायला आणि गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं."

"संगणकात पूवय्यांनी दिलेले गुण कोणी भरले?"

"ललिताक्षीनं."

ललिताक्षी पलीकडच्या टेबलावर बसून सगळं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती. पन्नाशीची बाई, वीस वर्षं याच खुर्चीत.

"माझ्यावरच येणार, मला माहीत होतं," ती म्हणाली. "पूर्वी सरासरी मीच काढायचे मॅडम, हातानं. पाचही कागद समोर पसरायचे, नाव पुकारायचं, पाचांचे गुण शोधायचे, बेरीज, भागाकार. दोन दिवस लागायचे. यंदा सुधींद्रसाहेबांचा संगणक आला. आता मी नुसती टायपिस्ट."

"राग आला?"

"राग कसला. बोटं दुखतात तेवढी."

"टाइप करताना काही चुकलं असेल?"

"कागदावर जसं, तसं. वरची ओळ वर, खालची खाली. मी अक्कल चालवत नाही, तसा हुकूमच आहे." हे करुंबय्यांकडे बघून. "टाइप केलेल्या फायली सुधींद्रसाहेबांनी आत घेतल्या आणि लगेच पुसून टाकल्या. गुप्ततेचा नियम. म्हणजे आता मी खरं बोलते की खोटं, हे फक्त त्या गेलेल्या कागदाला माहीत."

"पूवय्यांच्या कागदात काही वेगळं वाटलं होतं?"

"काही नाही. त्यांचं नेहमीचंच."

नेहमीचं म्हणजे काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. रिकाम्या पोटी माझं डोकं चालत नाही, आणि समोरच्या खोलीतून सुधींद्र हात जोडत येत होता.

३

सुधींद्र माझाच विद्यार्थी, पंचवीस वर्षांपूर्वीचा. आता डोक्यावर केस नाहीत, बाकी तसाच. परीक्षेत पहिला आणि वर्गात शेवटच्या बाकावर.

"मॅडम, मी काही केलेलं नाही."

"मी अजून विचारलेलं नाही."

त्यानं काम दाखवलं. प्रत्येक परीक्षकाची गुणपत्रिका म्हणजे एक तक्ता. सहा कॉफ्यांच्या सहा ओळी आणि चार रकाने: वास, चव, अंग म्हणजे तोंडात लागणारा जडपणा, आणि घोट गिळल्यावर मागे राहते ती चव. असे पाच तक्ते. त्यांचा एक सरासरी तक्ता करायचा, एकेक घर घेऊन. वर्गात मी हे असं सांगायचे: पाच पानं एकावर एक ठेवा आणि वरून सुई टोचा. सुई ज्या पाच आकड्यांतून आरपार जाईल, त्यांची सरासरी त्या घरात लिहा. चोवीस घरं, चोवीस वेळा सुई.

"आर भाषेत लिहिलंय," सुधींद्र म्हणाला. आमच्या धंद्यातले सगळे संगणकाशी हल्ली याच भाषेत बोलतात. "नावांचा रकाना आधी बाजूला काढतो, शब्दांची सरासरी निघत नाही ना. मग पाचही तक्ते एका यादीत. पुढे ही एक ओळ: यादीतले सगळे मिळवा, पाचानं भागा. शेवटी पहिल्या तक्त्यावरची नावं परत लावतो. ललिताक्षीबाईंना दोन दिवस लागायचे, याला डोळ्याची पापणी लवते तेवढाही वेळ लागत नाही."

"नेटकी ओळ आहे."

"तुमचीच आहे मॅडम. आमची सगळी बॅच तिला मॅडमची ओळ म्हणते."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. या वयात कोणी काही आठवणीत ठेवलं की माणूस विरघळतो.

ओळ तपासली, चोख होती. संगणकात कोणी आकडे मागाहून बदलल्याची खूण कुठे नव्हती. मग पाचही परीक्षकांचे तक्ते वेगवेगळे छापून घेतले आणि खिडकीशी बसले. आधी नुसता चवीचा रकाना पाहिला. चौघांचं त्यात एकमत: आवळा सहा, चिंच चार, जांभूळ आठ, फणस एक, बोर पाच, साग नऊ. पूवय्यांचा रकाना असा: आवळा चार, चिंच पाच, जांभूळ सहा, फणस नऊ, बोर आठ, साग एक.

नंबर चवीच्या सरासरीवर ठरतो, आणि तीत जांभळाला सात पूर्णांक सहा आणि सागाला सात पूर्णांक चार. दोन दशांशांनी जांभूळ पहिलं आलं होतं. पूवय्यांचा एक गुण नसता, तर साग सहज पहिला होता.

करुंबय्या येऊन माझ्या खांद्यावरून बघायला लागले. "गेली ना जीभ?"

"जीभ गेलेला माणूस कसे गुण देईल, करुंबय्या? त्याला सगळंच गरम पाणी. पाच, पाच, सहा, पाच. इथे बघा. एका कपाला त्यांनी चारही रकान्यांत एकेक दिलाय. एक कप त्यांना असह्य झालाय. मेलेल्या जिभेला असह्य काय होणार?"

"पण तो कप सागाचा. सहांतला सगळ्यात चांगला."

"तेच कळत नाही," मी म्हटलं. "जांभूळ कोणाचं आहे?"

करुंबय्यांनी आधी दार लोटून घेतलं. "मंदण्णाचं. मंगळवारी सकाळी तो इथे येऊन तासभर या कपाटाला टेकून उभा होता."

४

मंदण्णा खालच्या चौकात आपल्या जीपमध्येच बसला होता. पंचावन्नचा तगडा गडी, मिशा मोठ्या. मला बघून खाली उतरला.

"या आंटी."

मी याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आंटी म्हणायला याला कोणी सांगितलं, देव जाणे. पण समोरच्या हॉटेलात नेऊन त्यानं अक्की रोट्टी, म्हणजे तांदळाची भाकरी, आणि चटणी मागवली, म्हणून आंटी सोडून दिलं.

"म्हणजे मी कागद चोरला," तो म्हणाला. "बोला, बोला. गाव तेच बोलतंय."

"चोरला का?"

"मी मंगळवारी गेलो होतो ते करुंबय्याला विचारायला, की पूवय्यामामांना कशाला छळता. मला कॉफी प्यायला त्यांनी शिकवलं. माझा बाप कॉफी पिकवायचा आणि चहा प्यायचा."

"जांभूळ तुझं आहे, हे कळलंय तुला?"

"इथे काय कळत नाही?" त्यानं रोट्टीचा तुकडा चटणीत बुडवला. "आंटी, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. समजा, मी मामांना फितवलं. तर मी काय सांगीन? जांभळाला दहा द्या. त्यांनी दिले सहा, बाकी सगळ्यांपेक्षा कमी. आणि वर फणसाला नऊ देऊन स्वतःला पकडून द्या, असं सांगीन? एवढा मूर्ख दिसतो का मी?"

दिसत नव्हता. आणि तो म्हणत होता त्यात खोट नव्हती. लबाडी करणारा आकडे हलवतो तेव्हा ते कुठल्यातरी दिशेनं हलतात. इथे सगळेच हलले होते, कोणाच्याच कामाचे नाहीत असे.

चहा घेता घेता मी दुसऱ्या बाजूनं विचार केला. कागद कोणी का न्यावा? संगणकातले आकडे कोणी बदलले असते, तर कागद नाहीसा करण्यात त्याचा फायदा होता. पण आकडे कोणी बदललेच नव्हते. मग उरतो तो माणूस, ज्याची खात्री आहे की कागदावरही तेच आहे जे छापून आलंय. फणसापुढे नऊ. आणि ते कोणी बघू नये असं ज्याला वाटतंय. असा माणूस कोण, हे ओळखायला संख्याशास्त्र लागत नाही. करुंबय्या पाणी आणायला खाली गेले होते, आणि किल्ली खिळ्याला होती.

"मंदण्णा, पूवय्यांच्या घरी सोडतोस का मला? चढ असला तर अगदी दारापर्यंत."

"घरी कशाला?" त्याचा चेहरा उतरला. "आंटी, मामांना अजून काही बोलू नका. ते तीन दिवस जेवलेले नाहीत."

५

दार त्यांच्या बायकोनं, देचम्मांनी उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला आत घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आधी स्वयंपाकघर बघा. मग बोला त्यांच्याशी."

ओट्यावर सात बशा ओळीनं मांडलेल्या. मीठ, गूळ, लिंबाची फोड, कारल्याचा काप, मिरी, काचमपुळी नावाचा इथला काळा आंबट सिरका, आणि शेवटच्या बशीत नुसतं पाणी.

"रोज पहाटे डोळे बांधून बसतात. मी भरवायचं, त्यांनी सांगायचं. सगळं बरोबर सांगतात हो. एकदासुद्धा चुकले नाहीत. तरी म्हणतात, तू मला खोटं बरोबर म्हणतेस." त्यांनी डोळे पुसले. "मी कशाला खोटं बोलेन?"

पूवय्या मागच्या पडवीत होते. बारीक, ताठ माणूस, समोर गरम पाण्याचा पेला. कॉफीच्या गावात कॉफीशिवाय बसलेला माणूस बघवत नाही.

मी आडवळण घेतलं नाही, तेवढी ताकद नव्हती. "कागद कुठे ठेवलाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, आतून कोटाच्या खिशातली एक घडी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. मळकट पिवळा कागद, चार घड्या, संघाचा शिक्का बाहेरच्या बाजूला.

"बरं झालं आलात. ललिताक्षीवर आळ आला म्हणून ऐकलं. चारला मीच सांगणार होतो."

"उघडून पाहिलात?"

"नाही."

"का?"

"काय बघू? माझ्या हस्ताक्षरात फणसापुढे नऊ?" त्यांनी पेला बाजूला सरकवला. "एकतीस वर्षं, बाई. लोकांच्या वर्षभराच्या मेहनतीवर मी आकडा टाकत आलो. जीभ कधी गेली ते मलाच कळलं नाही, तर मागच्या वर्षी होती कशावरून? त्याच्या आधी? कोणाकोणावर अन्याय केला असेल मी? या विचारानं झोप नाही. नाव कापलं तर कापू दे. पण चौघांनी तो कागद हातात धरून मान हलवावी, हे बघवलं नसतं."

"शनिवारच्या परीक्षेत एक कप खराब लागला होता का?"

"लागला ना. धूर आणि ओली गोणी. तोंडातून जाईना."

"त्याचं नाव?"

"नाव लक्षात ठेवायचं नसतं. गुण लिहिला की डोक्यातून पुसायचा, नाहीतर मागचा कप पुढच्या कपाला चिकटतो. तीन फेऱ्या घ्यायच्या असतात. नावं धरून ठेवली तर दुसऱ्या फेरीत जीभ नाही, आठवण गुण देते."

मला एकदम सकाळची ललिताक्षी आठवली. त्यांचं नेहमीचंच.

"पूवय्या, तुम्ही कप कुठून सुरू करता? आवळ्यापासून?"

"आवळ्यापासून का?" ते पहिल्यांदा जरा तिखट बोलले. "मांडणारा नावांच्या क्रमानं मांडतो, त्याला काय कळतं. बाकीचे तसेच पीत सुटतात, आजकालचे. मी आधी सहाही हुंगतो. मग हलका पहिला, जड नंतर, आणि ज्याचा वास संशयाचा तो अगदी शेवटी. घाणेरडा कप मध्ये आला तर पुढच्या सगळ्यांचं वाटोळं. माझ्या गुरूंनी असंच शिकवलं."

"आणि कागदावर?"

"ज्या क्रमानं प्यायलो त्या क्रमानं. पहिल्या ओळीत पहिला कप, त्याचं नाव, त्याचे गुण. एकतीस वर्षं तसंच लिहितोय. ललिताक्षी कधी काही म्हणाली नाही."

ती का म्हणेल. ती नाव पुकारायची आणि त्या नावाची ओळ शोधायची.

मी घडी हातात घेतली आणि उघडली नाही. पिशवीतून सकाळचे छापलेले तक्ते काढले, चष्मा लावला, आणि त्याच पडवीत दहा मिनिटं आकडे जुळवले. मग पेन्सिलीनं सहा नावं लिहिली. मला आधी हसू आलं. मग ती ओळ कोणाची आहे हे आठवलं, आणि हसू थांबलं.

"कोट घाला," मी म्हटलं. "आणि हा कागद असाच खिशात राहू दे. बंद."

६

चारच्या सभेला वीसेक माणसं होती. बाकीचे परीक्षक, बागायतदार, दाराशी मंदण्णा. करुंबय्यांनी सुरुवात करण्याआधी पूवय्या उभे राहिले.

"कागद मी घेतला. बाकी कोणाचा दोष नाही." त्यांनी घडी करुंबय्यांपुढे ठेवली आणि बसले. ललिताक्षीनं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"उघडू नका," मी म्हटलं. "त्यात काय आहे ते आधी मी सांगते. चुकले तर नाव कापा आणि मला सहाच्या बसला बसवा."

उभं राहवत नव्हतं, म्हणून बसूनच बोलले.

"पूवय्यांनी दिलेले सहा गुण चवीच्या रकान्यात वरून खाली असे आलेत: चार, पाच, सहा, नऊ, आठ, एक. आता बाकी चौघांनी चार कोणाला दिलेत? चिंचेला. पाच बोराला. सहा आवळ्याला. नऊ सागाला, आठ जांभळाला, एक फणसाला. बाकीचे तीन रकानेही असेच जुळतात, मी पाहिलेत. पूवय्यांनी तेच गुण दिलेत जे सगळ्यांनी दिलेत, फक्त वेगळ्या क्रमानं लिहिलेत. या कागदावर पहिल्या ओळीत चिंच असणार, मग बोर, आवळा, साग, जांभूळ. शेवटच्या ओळीत फणस, आणि त्याच्यापुढे एक. आता उघडा."

करुंबय्यांनी घडी उलगडली. ते वाचायला लागले आणि दुसऱ्या नावाला थांबले. कागद त्यांनी ललिताक्षीकडे दिला. तिनं मोठ्यानं वाचलं, पूर्वी पुकारायची तसं.

"चिंच, चार. बोर, पाच. आवळा, सहा. साग, नऊ. जांभूळ, आठ. फणस, एक. बाजूला लिहिलंय, धूर, ओली गोणी."

सुधींद्र उठला, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "नावं मी बाजूला काढली. आणि शेवटी पहिल्या तक्त्याची लावली, सगळ्यांना."

"नावं ओळींच्या डोक्याला चिकटवून ठेवली असतीस तरी हेच झालं असतं," मी म्हटलं. "दोन तक्त्यांची बेरीज करताना ही भाषा जागा बघते. चौथ्या ओळीत चौथी ओळ मिळवते. कोणावर काय नाव आहे ते वाचत नाही, आणि निकालावर पहिल्याचं नाव ठेवून मोकळी होते. साधी कुरकुरसुद्धा करत नाही. पानं एकावर एक रचताना एक पान वेगळं लावलंय, हे सुईला कळत नाही. ललिताक्षीला कळत होतं, कारण ती नाव पुकारायची."

"मग चूक माझी," सुधींद्र म्हणाला.

"अर्धी. ती ओळ मी शिकवली. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली आणि टाळ्या घेतल्या. मिळवण्याआधी सगळ्यांच्या ओळी एका क्रमानं लावून घ्या, हे एक वाक्य तिच्यासोबत सांगायला हवं होतं. मला ते इतकं उघड वाटायचं की मी सांगितलं नाही." हे बोलताना मला पूवय्यांकडे बघवेना. "तीन दिवस एक माणूस स्वतःच्या जिभेला मेलेली समजत होता. त्याची माफी मी मागते."

दारातून मंदण्णाचा आवाज आला. "म्हणजे साग पहिला ना? मग सरळ सांगा की. मामांनी मला आठ दिले, ते मला पुष्कळ आहेत."

करुंबय्यांनी पूवय्यांचा हात धरला. "नियमाप्रमाणे तुझं नाव राहिलं. कागदानं सिद्ध झालंय."

"कागदानं तुझं समाधान झालं," पूवय्या म्हणाले. "माझं नाही. कप आण."

"आत्ता?"

"सहाही. नावं तळाला लावा, मला दिसायला नकोत."

अर्धा तास गेला. पाणी उकळलं, कॉफी दळली, सहा कप टेबलावर आले. बाकी सगळे मागे सरकून उभे राहिले. पूवय्या प्रत्येक कपावर वाकले, हुंगलं, आणि कप पुढेमागे करत आपली ओळ लावली. एक कप त्यांनी अगदी टोकाला सरकवला. मग चमच्यानं एकेक घोट घेतला, जिभेवर फिरवला, थुंकला, पेन्सिलीनं लिहिलं. पाच कप झाले. सहावा घेतला आणि त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की मागे कोणीतरी हसलं. पूवय्याही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

करुंबय्यांनी तो कप उलटा करून तळ बघितला. फणस.

पूवय्यांनी कागद ललिताक्षीकडे दिला. तिनं पहिलं नाव पुकारलं आणि सुधींद्रनं आपल्या यादीत ते नाव शोधून मग आकडा भरला. दुसरं पुकारलं, तेही शोधलं. सहाही असेच झाले, घाई कोणी केली नाही.

माझी सहाची बस गेली. मंदण्णा म्हणाला, आंटी, मी सोडतो म्हैसूरला. जिना उतरताना पूवय्यांनी माझी पिशवी घेतली, आणि खालच्या हॉटेलात माझ्यासाठी आणि स्वतःसाठी कॉफी मागवली. तीन दिवसांनंतरचा पहिला पेला. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला.

"निम्मी चिकोरी आहे," ते म्हणाले, आणि उरलेली सगळी प्यायले.